खिडकीतला थर्मामीटर

संपादकांनी फोनवर सांगितलं, "बाई, नर्सच्या नोकरीतले गमतीदार अनुभव लिहा. दिवाळीत वाचकांना हलकंफुलकं लागतं." तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी जे जे उचललं त्यात हलकी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे थर्मामीटर. बाकी स्ट्रेचर, बेडपॅन आणि बाळंतिणींच्या सासवा, सगळं जडच. तेव्हा थर्मामीटरवरच लिहिते. गंमत त्यात भरपूर आहे. कुठं हसू आलं नाही तर जबाबदारी संपादकांची.

हल्ली कपाळासमोर पिस्तूल धरल्यासारखं एक यंत्र धरतात आणि झालं. आमच्या वेळी काचेची कांडी असे. आधी ती झटकायची, म्हणजे पारा खाली उतरतो. झटकणं ही विद्या आहे, मनगट सैल पाहिजे आणि जवळपास टेबलाची कड नको. शिकताना मी तीन फोडले. मग कांडी जिभेखाली ठेवून दोन मिनिटं तोंड मिटायचं. गावातल्या भल्याभल्यांना दोन मिनिटं गप्प बसवणारी तेवढी एकच वस्तू सरकारनं आम्हाला दिली होती, आणि मी तिचा मनसोक्त वापर केला. सरपंचांना मी एकदा पाच मिनिटं बसवलं होतं.

माझी पहिली नेमणूक देवळ्याच्या पुढच्या एका गावात झाली. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या माणसांची नातवंडं आता हा अंक विकत घेत असतील. सत्तरीचं दशक निम्मं सरत आलं होतं, मी एकवीस वर्षांची, पांढरी साडी, पायात पांढऱ्या चपला. त्या कांद्याच्या गावात पांढऱ्या चपला आठच दिवस टिकल्या. दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि पुढं ओटा. डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येत. बाकीचे दिवस मी आणि कंपाउंडर रामदासभाऊ.

रामदासभाऊ पन्नाशीचे, अंगाने फाटके आणि मनाने फार चांगले. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं तुम्हाला त्यांचा राग येईल. मी डबा विसरले तर ते आपल्या घरून गरम भाकरी मागवत. मला पहिल्या दिवसापासून "ताई" म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दवाखाना दाखवला, त्यात दोन काचेचे पेले दाखवले. दोन्हींत औषधाचं पाणी आणि दोन्हींत एकेक थर्मामीटर. एक पेला टेबलावर, दुसरा खिडकीत.

"हा टेबलावरचा आपला. खिडकीतला त्यांचा."

"त्यांचा म्हणजे?"

"बौद्धवाड्यातली मंडळी, भिलाटीतली मंडळी. ती ओट्यावर खिडकीशी येतात. तिथंच बघायचं, तिथंच बाटली द्यायची. तोंडात घालायची वस्तू, ताई. वेगळी असलेली बरी." हे सांगताना त्यांच्या आवाजात कुठं कडवटपणा नव्हता. शेंदेलोण कुठं आणि साखर कुठं हे नव्या सुनेला सांगावं, तसं सांगितलं.

मी मान हलवली. आता माझी गंमत सांगते. माझं आडनाव जाधव. महाराष्ट्रात या आडनावाची सोय अशी की त्याच्याआड कोणीही लपू शकतं. गावानं मला विचारलं, "कोणते जाधव?" मी म्हटलं, "नाशिकचे." गाव समाधान पावलं. माझे वडील नाशिकला एका शाळेत शिपाई, आम्ही राहायला बौद्ध वस्तीत, दारावर निळा झेंडा. नोकरीवर निघताना दादांनी बजावलं होतं, "विचारलं तर खरं सांग. लाजायचं काय त्यात?" मी खरंच सांगितलं होतं. नाशिकचेच आम्ही.

खोली मिळाली होती एका बागायतदाराच्या मळ्यात. तिथल्या काकू रोज लेकीसारखं ताक आणून देत. ताक फार चांगलं असे. त्या ताकापायी आणि भाऊंच्या भाकरीपायी मी गप्प राहिले, असं म्हणायला सोपं जातं. खरं तर मी भ्याले होते.

खिडकीतल्या थर्मामीटरचं एक वैशिष्ट्य माझ्या दुसऱ्याच आठवड्यात ध्यानात आलं. टेबलावरचा धडधाकट माणसाला अठ्ठ्याण्णव दाखवायचा आणि खिडकीतला धडधाकट माणसाला चौऱ्याण्णव. मी भाऊंना विचारलं. भाऊंनी अनुभवी माणसाच्या आवाजात खुलासा केला.

"त्यांचं अंग मुळातच थंड असतं, ताई. उन्हातान्हातली माणसं ना. त्यांना ताप सहसा येत नाही."

खिडकीशी कोणी खरंच तापानं फणफणून आलं की पारा अठ्ठ्याण्णवाला पोचायचा. मग भाऊ खूश होऊन म्हणत, "बघा, आता कसा बरोबर आला." आणि मी रजिस्टरमध्ये लिही, ताप नाही. नाशिकला शिकताना माझ्याच तोंडात शंभर वेळा थर्मामीटर घातला होता, तो चोख अठ्ठ्याण्णव पॉइंट चार दाखवायचा. माझं अंग कधी थंड नव्हतं आणि मी त्यांच्यातलीच होते. शंकेला एवढं पुरेसं होतं. शंका फेडायला दोन मिनिटं लागली असती, तो खिडकीतला उचलायचा आणि आपल्या जिभेखाली ठेवायचा. पण तो उचलून मी तोंडात घातला असता तर भाऊंनी डोळे विस्फारून पाहिलं असतं. टेबलावरच्या माणसानं खिडकीतला तोंडात घालायचा नसतो. म्हणून मी घातला नाही.

डॉक्टरांचं विचाराल, तर ते अगदी सुधारक विचारांचे. जात वगैरे अजिबात मानत नसत. त्यांना खिडकी कधी दिसली नाही एवढंच, कारण त्यांच्या खुर्चीची पाठ खिडकीकडे होती. ते रजिस्टर पाहून औषध लिहीत आणि रजिस्टरमध्ये माझं अक्षर सुरेख असे.

बौद्धवाड्यातल्या गयाबाई कांद्याच्या मळ्यात मजुरीला जात. एका सोमवारी त्या सात वर्षांच्या मंदाला पाठुंगळी घेऊन खिडकीशी आल्या. मंदा मलूल, डोळे अर्धे मिटलेले. मी खिडकीतून हात लांब करून तिच्या तोंडात कांडी दिली. दोन मिनिटांनी पारा पाहिला, अठ्ठ्याण्णव. लाल मिक्श्चर दिलं. त्या काळी मिक्श्चरची बाटली पेशंटनंच घरून आणायची, आणि आम्ही तिच्यावर कागदाची दातेरी पट्टी चिकटवून डोसाच्या खुणा करून द्यायचो. माझ्या पट्ट्या फार सुबक असत. मंदाची पट्टीही मी सुबकच कापली.

गुरुवारी त्या परत आल्या. पुन्हा अठ्ठ्याण्णव. शनिवारी आल्या तेव्हा नव्याण्णव. गयाबाई चिडल्या.

"बाई, पोरीच्या पाठीवर भाकर टाकली तर भाजंल. लय ताप हाय. अन् तुमची कांडी म्हनती नाय?"

"हाताला काय कळतं मावशी? काच खोटं बोलत नाही."

"मंग तुमी हात लावून बघा ना जरा."

मंदाचं कपाळ खिडकीच्या गजापासून वीतभर होतं. मागं टेबलाशी भाऊ गोळ्या मोजत होते. मी हात लावला नाही. "नव्याण्णव म्हणजे किरकोळ कणकण," असं म्हणून बाटली भरून दिली. गयाबाईंनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, पोरीला पाठीवर घेतलं आणि गेल्या. रजिस्टरमध्ये मी तिसऱ्यांदा लिहिलं, ताप नाही.

रविवारी माझे दादा न कळवता आले. पोरगी नोकरीला लागली, तिला चिवडा द्यावा, बस. दुपारच्या एसटीतून उतरले, आणि तिथं उभ्या असलेल्या पहिल्या माणसाला त्यांनी खणखणीत आवाजात जयभीम घातला. तो माणूस माझ्या घरमालकांचा सख्खा भाऊ होता. वर त्यालाच विचारलं, "आमची कुसुम जाधव नर्स कुठं राहते?" दादा संध्याकाळच्या गाडीनं परत गेले, चिवड्याचा डबा ठेवून आणि बाकी काही न ठेवता. रात्री काकूंचं ताक आलं नाही. सोमवारी सकाळी काकूंनी दारातूनच सांगितलं की खोली रिकामी करावी लागेल, मुलगा राहायला येणार आहे. त्यांचा मुलगा त्या वेळी दुसरीत होता.

त्याच सकाळी मला हुडहुडी भरून आली. पाय ओढत दवाखान्यात गेले आणि बाकावर आडवी झाले. अंगावर दोन घोंगड्या, तरी दात वाजतायत. रामदासभाऊ आले. दादांच्या जयभीमची बातमी त्यांच्या घरी आधीच पोचली होती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. ते टेबलापाशी गेले, थांबले. खिडकीपाशी गेले, थांबले. शेवटी दोन्ही पेले दोन हातांत घेऊन माझ्यासमोर येऊन उभे राहिले. बिचाऱ्यांना घाम फुटला होता. मला इतका ताप असूनही त्यांची दया आली. परवा दुपारपर्यंत माझ्या डब्यातली मिरचीची चटणी मिटक्या मारत खाल्लेला हा माणूस.

"ताई, मनाला लावून घेऊ नका," असं म्हणून त्यांनी डावा हात पुढं केला. खिडकीतला.

मी मुकाट्यानं तोंड उघडलं. दोन मिनिटं झाली. भाऊंनी कांडी उजेडात धरली आणि अगदी सुटका झाल्यासारखे म्हणाले, "अठ्ठ्याण्णव. ताप नाही, ताई."

मी थरथर कापत होते. घोंगड्यांखाली अंगाची भट्टी झाली होती. आणि समोर एक भला माणूस काचेचा हवाला देऊन सांगत होता की तुला ताप नाही. तेव्हा मला शनिवारच्या गयाबाई दिसल्या. मी उठून बसले, भाऊंच्या उजव्या हातातल्या पेल्यातला टेबलावरचा थर्मामीटर काढला, झटकला आणि त्यांच्यादेखत तोंडात घातला. भाऊंच्या तोंडून "अहो" एवढंच आलं. दोन मिनिटं आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो. एकशे दोन.

दोन्ही कांड्या शेजारी धरल्यावर सगळं उघड झालं. खिडकीतल्याच्या अगदी टोकाला पाऱ्याचा एक बारीक मणी अडकलेला होता. थर्मामीटर उन्हात ठेवला की पारा पार वर चढतो, आणि कधी त्यातला थोडा वरच चिकटून राहतो. मग खाली उरलेला पारा तेवढा कमी दाखवतो, इथं चार डिग्री. तो पेला खिडकीत, दुपारच्या उन्हात, वर्षानुवर्षं ठेवलेला. वेगळा ठेवला म्हणून बिघडला, आणि वेगळा म्हणून कोणी जुळवून पाहिला नाही. अंग कोणाचंच थंड नव्हतं.

"भाऊ, मंदाचा परवा नव्याण्णव होता," मी म्हटलं.

भाऊंनी बोटांवर हिशेब केला. "एकशे तीन."

मी टेबलावरचा थर्मामीटर घेऊन बौद्धवाड्यात गेले. कशी गेले ते आठवत नाही. मंदाचा पारा एकशे चारच्या वर गेला होता, ती आईलाही ओळखत नव्हती. मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, आणि माझ्या तीन बाटल्या लाल मिक्श्चर. मी मंदाला आणि गयाबाईंना घेऊन परतेपर्यंत भाऊंनी नाशिकला निघालेला कांद्याचा ट्रक दवाखान्यापुढं अडवून धरला होता. ड्रायव्हर कुरकुरला तेव्हा भाऊ, ज्यांनी आयुष्यात कोणाला मोठ्यानं हाक मारली नसेल, ते ओरडले, "पोरगी मरते आहे, कांदा मरत नाही!"

गोण्यांवर पथारी टाकून मंदाला निजवलं. मी तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होते. आता हात लावायला कोणाची आडकाठी नव्हती. नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी आधी माझ्याकडे पाहिलं. "पेशंट कोण? ही की तुम्ही?" मग मंदाला तपासून ते म्हणाले, "नर्स ना तुम्ही? इतके दिवस काय केलंत?"

मी सांगितलं, "ताप मोजला."

तिला आत नेलं. मी आणि गयाबाई व्हरांड्यात फरशीवर बसलो. मी सगळं सांगून टाकलं. थर्मामीटर बिघडलेला होता, मावशी. आणि मी बौद्ध आहे, नाशिकची, तुमच्यातलीच. गयाबाई पदरानं तोंड पुसत होत्या. त्यांना त्याचं नवल वाटलं नाही.

"म्हाईत हाय. तुमच्या आईच्या म्हायेरची मी. तुमच्या मावशीच्या लग्नात तुमाला कडंवर घेतलं व्हतं. पयल्या दिवशीच वळखलं, थेट आईचं त्वांड हाय तुमचं."

"मग बोलला का नाहीत? निदान त्या खिडकीशी?"

"बोलले असते तर तुमची खोली गेली आस्ती. आपली येक पोरगी खुर्चीवर बसलेली. म्हनलं, ऱ्हाऊ दे."

मी माझ्यासाठी गप्प राहिले होते, आणि त्याही माझ्यासाठीच गप्प राहिल्या होत्या. मध्ये मंदा होती. त्या व्हरांड्यात मी जी रडले, तेवढी पुढं कुठल्याही पेशंटसाठी रडले नाही.

मंदा वाचली. तिचं ऐकणं गेलं, दोन्ही कानांचं. वेळेवर औषध मिळालं असतं तर कान राहिले असते का, हे मी पुढं तीन डॉक्टरांना विचारलं. तिघांनीही सांगितलं, "खात्रीनं सांगता येत नाही." हे ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, की खरंच तसं होतं, हे मला अजून समजलेलं नाही.

मला निघाला हिवताप. पंधरा दिवसांनी कामावर परतले ती गोणीभर ताठा घेऊन. जायची ती खोली गेली होती, कळायचं ते गावाला कळलं होतं, आता भ्यायला काही शिल्लक नव्हतं. खिडकीतला थर्मामीटर मी फेकला आणि नवा आणला. रोज सकाळी ओट्यावर, सगळ्या पेशंटांसमोर, मी दोन्ही थर्मामीटर एकामागून एक आपल्या तोंडात घालून पाहू लागले. दोन्ही अठ्ठ्याण्णव पॉइंट चार आले की मगच दवाखाना सुरू. शास्त्रीय पद्धत होती, कोणाला नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त आता टेबलावरचाही माझा उष्टा आणि खिडकीतलाही माझा उष्टा. मी तो कितीही वेळा औषधाच्या पाण्यात बुडवला तरी गावाला दिसायचं ते दिसतच होतं.

गावापुढं मोठाच पेच पडला. ताप तर मोजायला हवा. बैठक बसली की नाही ठाऊक नाही, पण आठवड्याभरात तोडगा निघाला. पहिल्या आल्या त्या पाटलांच्या मातोश्री. मी कांडी पुढं केली, तशी त्यांनी तोंड गच्च मिटलं आणि दंड वर केला.

"काखेत लाव बाई. तोंडात मले मळमळ व्हस."

मग रांगच लागली. सरपंचांना मळमळ, बागायतदारांना मळमळ, माझ्या जुन्या काकूंना तर माझ्या सावलीनंच मळमळ. सगळ्या गावानं आपला ताप तोंडातून काढून काखेत नेला. काखेतला पारा थोडा कमी दाखवतो, त्यात अंदाजानं एक मिळवावा लागतो. म्हणजे गंमत अशी झाली की त्या गावात पुढची चार वर्षं बौद्धवाड्याचा आणि भिलाटीचा ताप तंतोतंत मोजला जात होता आणि पाटलांचा अंदाजपंचे. डॉक्टर म्हणाले, "अलीकडे तोंडात कोणी का घेत नाही?" मी म्हटलं, "फॅशन आहे साहेब."

पुढच्या पावसाळ्यात रामदासभाऊंना ताप आला. ते टेबलाशी बसले. मी सवयीनं म्हटलं, "हात वर करा, भाऊ." त्यांनी हात वर केला नाही. तोंड उघडलं. दोन मिनिटं डोळे मिटून बसले. त्यांच्या घरी यावरून आठ दिवस अबोला होता, असं मागाहून समजलं.

आता शेवटची हकीकत, आणि ती तेरा-चौदा वर्षांनंतरची. माझी बदली नाशिकला झाली होती. अंबडला कारखाने उभे राहिले होते आणि तिथल्या कामगारांच्या बायकामुलांनी आमचा दवाखाना भरून जायचा. एका दुपारी एक तरुण बाई वर्षाच्या लेकराला घेऊन आली. मी विचारलं, "काय होतंय?" तिनं उत्तर दिलं नाही, माझ्या ओठांकडे बघत राहिली. मग जाड, घोगऱ्या आवाजात म्हणाली, "ताप."

मी ओळखलं. तिनं ओळखलं की नाही, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळेना. मी थर्मामीटर झटकला आणि बाळाच्या काखेकडे नेला. तिनं माझं मनगट धरलं. कांडी माझ्या हातातून काढून घेतली आणि आधी आपल्या जिभेखाली ठेवली. रांगेतल्या बायका हसल्या. तिला हसू ऐकू येत नव्हतं. ती शांतपणे दोन मिनिटं थांबली, कांडी उजेडात धरून पाहिली, बरोबर निघाली तेव्हा पुसून मला परत दिली.

"आईनं शिकवलं?" मी ओठ ठळक हलवत विचारलं.

तिनं मान डोलावली.

मी बाळाला कांडी लावली. एकशे एक, वर एक मिळवून एकशे दोन. मी तो आकडा लिहायला वही ओढली, तेवढ्यात तिनं पुन्हा माझा हात धरला, जवळ ओढला आणि तळवा बाळाच्या कपाळावर ठेवला. कपाळ चांगलंच भाजत होतं. मी हात काढायला गेले, तर तिनं आपला हात वरून दाबून धरला. आणखी जरा वेळ ठेवा, असं तिला म्हणायचं होतं. मी ठेवला.